मीटरचे आकडे इमारतीच्या हाती द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने आपल्या पत्रांच्या सदरात वीजबिलावर बरीच पत्रं येताहेत. नवा मीटर जोरात पळतो का, गच्चीवर सोलर बसवलं तर किती वर्षांत पैसे फिटतात, स्थिर आकार एवढा का, असे प्रश्न लोक पोटतिडकीने मांडताहेत. ते रास्तच आहेत. पण मीटरने मोजलेला आकडा आपण वापरायचा कसा, यावर एकही पत्र माझ्या वाचनात आलं नाही. गेल्या डिसेंबरपासून मी हेच करते आहे, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं आहे. जागा कमी पडली तर माझी हकिगत छाटा, पण शेवटची मागणी तेवढी छापा.

मी रत्नागिरीची. एसटीच्या आगारात लेखा शाखेत नोकरी केली, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. माझ्या टेबलावर डिझेलचा हिशेब असायचा. कुठल्या गाडीने दहा लिटरला किती किलोमीटर दिले ते रोज लिहायचं. एरवी पंचेचाळीस देणारी गाडी दोन दिवस एकेचाळीसवर आली की मी फोरमनना चिठ्ठी पाठवायची आणि ते ब्रेक धरून राहिलेत का, टायरात हवा कमी आहे का, ते बघायचे. बहुतेक वेळा काहीतरी सापडायचंच. गाडी रस्त्यात बंद पडलेली नसायची, ड्रायव्हरचीही काही तक्रार नसायची, पण वहीत ते आधीच उमटलेलं असायचं. ही सवय अंगात मुरलेली. गेल्या वर्षी सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आलं तेव्हा पहिल्याच दिवशी मी वीजबिलांची फाईल उघडली.

आमची इमारत २००४ सालची. चार मजले, वीस बिऱ्हाडं. कॉमन मीटरवर जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा तीन हॉर्सपॉवरचा पंप. नगरपरिषदेचं पाणी खालच्या टाकीत येतं, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. बिल महिन्याला ४७० ते ४९० युनिटांचं. तीन वर्षांची बिलं काढून बघितली, सगळी तशीच. तशीच होती म्हणूनच कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एखाद्या महिन्यात बिल दुप्पट आलं असतं तर सभेत सगळे उठून बोलले असते. दर महिन्याला तेवढंच येणारं बिल मात्र आपण बरोबर धरून चालतो.

बिलं शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांना एक सांगते, आधी दिवस मोजा. रीडिंग कधी २९ दिवसांनी होतं, कधी ३३. युनिटांना दिवसांनी भागायचं आणि मगच ताडून बघायचं. शिवाय कोकणात मेची तुलना मेशीच करावी. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो तेव्हाचा वापर आणि जुलैतल्या झडीतला वापर एका मापाने मोजून काही कळत नाही.

१ डिसेंबरला मी शंभर पानी वही घेतली आणि रोज दोन रीडिंग लिहायला लागले. एक रात्री दहाला, दुसरं पहाटे साडेपाचला. मधले साडेसात तास इमारत झोपलेली असते. कोणी लिफ्ट वापरत नाही, कोणी अंघोळ करत नाही. या वेळात जी वीज जाते ती कोणाच्या उपयोगासाठी जाते, एवढंच मला बघायचं होतं.

पहिल्या आठवड्याची सरासरी निघाली रात्रीला ४.१ युनिट. मग कागदावर मांडणी केली. रात्री जळणाऱ्या ट्यूब १३, प्रत्येकी २० वॅटच्या एलईडी. म्हणजे २६० वॅट, साडेसात तासांचे जवळपास २ युनिट. लिफ्ट रात्री उभीच असते, पण आतला दिवा आणि पंखा चालू, पॅनेलही चालू. लिफ्टच्या देखभालीला येणाऱ्या मुलाकडून क्लॅम्प मीटरने मोजून घेतलं, ११० वॅट. त्याचे ०.८ युनिट. दोन्ही मिळून २.८. उरलेले १.३ युनिट कुठे जात होते?

आमचा पंप तासाला साधारण अडीच युनिट घेतो. म्हणजे १.३ युनिटांत तो अर्धा तास चालतो. वीस घरांत माणसं गाढ झोपलेली असताना अर्धा तास पाणी चढवण्याचं कारण काय? वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "काकू, तो आपला आपणच लागतो. वरची टाकी खाली झाली की सेन्सर चालू करतो." त्याचं बरोबर होतं. प्रश्न वरची टाकी रात्री खाली का होते हा होता.

नोटीस बोर्डावर दोन दिवस आधी लिहून ठेवलं आणि एका रात्री एक ते चार या वेळात घरांकडे जाणारा मुख्य कॉक बंद केला. पंपाचा स्विचही बंद. बॅटरी घेऊन गच्चीवर गेले, वरच्या टाकीत वेताची काठी बुडवली आणि ओल जिथवर आली तिथे खडूने खूण केली. खाली येऊन खालच्या टाकीचंही तसंच माप घेतलं. थंडी बऱ्यापैकी होती, समुद्राचा वारा होता. चारला परत वर गेले. काठी बुडवली तर ओल खुणेच्या सहा इंच खाली. टाकीच्या भिंतीला बाहेरून हात फिरवला, सगळीकडे कोरडी. मग खाली आले. खालच्या टाकीतलं पाणी वाढलं होतं. त्या वेळी नळाला पाणी येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पंपाजवळ जाऊन चढवणाऱ्या पाइपाला कान लावला. आत पाणी झिरपत उतरत असल्याचा बारीक आवाज येत होता, न थांबणारा.

सकाळी प्लंबर आला. त्याने पंपावरचा एनआरव्ही, म्हणजे चढवलेलं पाणी उलटं येऊ न देणारी झडप, खोलून माझ्या हातात दिला. आतल्या झडपेच्या कडेला तांबडी रेव घट्ट बसलेली, त्यामुळे झडप पुरती मिटतच नव्हती. खालच्या टाकीत पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी तशीच झडप असते, त्या फूट वॉल्व्हचं रबर झिजून गेलेलं. तरी मला उलगडेना. चढवणाऱ्या पाइपाचं पाणी टाकीत वरून पडतं, मग टाकीत पडलेलं पाणी परत पाइपात शिरेल कसं? तो मला गच्चीवर घेऊन गेला. काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर रात्री पाणी पडल्याचा आवाज यायचा, तक्रार झाली, म्हणून कोणीतरी त्या पाइपाला एल्बो जोडून त्याचं तोंड खाली पाण्यात बुडवून ठेवलेलं. आवाज थांबला आणि सगळे ते विसरले. पण तोंड पाण्यात असलं की पंप थांबल्यावर तेच पाणी पाइपात ओढलं जाऊन उलटं खाली येतं. पूर्वी पिंपातलं रॉकेल आपण नळी लावून काढायचो, अगदी तसं. खाली झडप धड असती तर ते अडलं असतं. झडप खराब झाल्यावर अडवणारं कोणी उरलं नाही. चढवलेलं पाणी उतरायचं, सेन्सर पंप लावायचा, पंप तेच पाणी परत चढवायचा. रात्रीही आणि दिवसाही.

एनआरव्ही नवा, फूट वॉल्व्ह नवा आणि वरच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या वर हवा शिरायला एक लहान भोक. मजुरीसकट साडेचार हजार रुपये. त्या रात्रीचं रीडिंग आलं २.८.

पुढचं लवकर आटोपलं. लिफ्ट दोन मिनिटं रिकामी उभी राहिली की आतला दिवा-पंखा बंद व्हावा अशी सोय पॅनेलमध्ये होतीच, कोणी चालू केली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या आजींना लिफ्टमध्ये काळोख असेल याची भीती वाटत होती. दार उघडलं की दिवा लागतो हे त्यांना दाखवलं, मग त्यांची हरकत राहिली नाही. दुपारी पंप बंद असताना रीडिंग घेतलं तेव्हा पार्किंगच्या आतल्या बाजूचे चार दिवे चोवीस तास जळतात हे लक्षात आलं. त्यांना वेगळं बटण दिलं. फेब्रुवारीचं बिल आलं २८८ युनिटांचं.

घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि सोसायटीचा कॉमन मीटर घरगुती दरातच धरला जातो. त्यामुळे जे युनिट वाचले ते जवळपास सगळे ३०० च्या वरचे, महागाचे होते. साडेचार हजार पहिल्या दोन बिलांतच सुटले.

आता सोलरचं. ऑक्टोबरच्या सभेत आमच्यासमोर पाच किलोवॅटच्या पॅनेलचा प्रस्ताव होता. एका पुरवठादाराने बारा महिन्यांची बिलं बघून तो काढला होता आणि त्याच्या हिशेबात चूक काही नव्हती. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला १२०. ४८० युनिटांना चार किलोवॅट लागतात, पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून एक वाढीव. पण त्या ४८० मधले सव्वाशे युनिट तेच पाणी पुन्हा पुन्हा चढवण्यात चालले होते. म्हणजे साडेचार हजारांच्या दुरुस्तीऐवजी आम्ही एका किलोवॅटचं जास्तीचं पॅनेल गच्चीवर चढवणार होतो, आणि ते पुढची पंचवीस वर्षं गळतीला वीज पुरवत राहिलं असतं. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते लोकांच्या पैशाचंच आहे आणि तेही त्या गळतीत गेलं असतं. सोलरला माझा विरोध अजिबात नाही. दिवाळीनंतर आम्ही ते बसवणार आहोत, पण तीन किलोवॅटचं. माझं कळकळीचं सांगणं आहे की कोणत्याही सोसायटीने सोलरचा ठराव करण्याआधी महिनाभर रात्रीचं रीडिंग घ्यावं.

यासाठी नवा मीटर लागत नाही, माझं काम जुन्या मीटरवरच झालं. घरच्या मीटरवर तर याहून सोपं आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. माझ्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाला. घड्याळ घेऊन समोर उभं राहायचं आणि एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजायचं. १६ वेळा असेल तर त्या क्षणी घरात ३०० वॅट चालू आहेत. ८ वेळा असेल तर १५०. एक एक बटण बंद करत गेलं की कुठल्या वस्तूला किती लागते ते तिथल्या तिथे कळतं. साध्या छतपंख्याला ७५ वॅटच्या आसपास लागतात आणि नव्या बीएलडीसी पंख्याला त्याच्या निम्म्याहून कमी, हे मी वाचलं होतं. दिवा मोजल्यावर त्याची खात्री पटली. कोकणात पंखा वर्षाचे दहा महिने फिरतो, हे लक्षात घ्या.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षक भाऊ आणि वहिनी दोघंच राहतात. त्यांचं बिल दोन माणसांच्या मानाने जास्त यायचं. त्यांच्या मीटरसमोर आम्ही तिघं उभे राहिलो. घरातलं सगळं बंद करून आलो होतो, फ्रीजचं बटणसुद्धा. तरी मिनिटाला चार वेळा दिवा लुकलुकला. ७५ वॅट, चोवीस तास, महिन्याचे ५४ युनिट. भाऊ म्हणाले, "सगळं तर बंद केलंय, मग हे कसलं?" वर जाऊन शोधलं तर इन्व्हर्टर. आपल्याकडे वादळवाऱ्याने लाइट जाते म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि त्यांची बॅटरी जुनी झाली की ती कधी भरतच नाही, नुसती वीज ओढत राहते आणि गरम होते. वहिनी म्हणाल्या, "तरीच मेलं दर पंधरा दिवसांनी त्यात पाणी घालावं लागतं." बॅटरी सात वर्षांची होती. ती बदलली.

इमारतीतल्या घरांची रीडिंग मी फक्त परवानगी दिलेल्यांचीच घेतली, आणि हे मुद्दाम लिहिते आहे. आमच्या वीसपैकी सहा घरं मुंबईकरांची. गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात, एरवी कुलूप. मीटरवर नजर टाकली की कुठलं घर किती दिवस बंद आहे ते लगेच कळतं. तेच चोरालाही कळेल. म्हणून तासातासाचे आकडे ज्याचे त्याच्याच हाती राहिले पाहिजेत, हे नवे मीटर बसवणाऱ्यांनी आणि आपणही ध्यानात ठेवायला हवं. त्या सहा जणांना फोन केले, चौघांनी हो म्हटलं. चारपैकी एका बंद घराचा मीटर दिवसाला जवळपास एक युनिट पुढे जात होता. घरमालक म्हणाले, फ्रीज बंद ठेवला तर पावसाळ्यात आत बुरशी धरते, म्हणून चालूच ठेवतो. फ्रीज पुसून, बटण बंद करून, दाराच्या फटीत कापडाची घडी घालून ठेवली की बुरशी धरत नाही. किल्ली आमच्याकडे होतीच, तसं करून टाकलं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते चौथ्या मजल्याने. वरती पाच घरं, सगळी सारख्या मापाची, पाचही घरांत एसी. आमची गच्ची गळत होती, म्हणून गेल्या नोव्हेंबरात पत्र्याची शेड घालायचं ठरलं. पैसे अर्धेच जमले, म्हणून शेड पूर्वेकडच्या अर्ध्या गच्चीवरच झाली. तिच्याखाली दोन घरं आली, तीन उघड्या स्लॅबखाली राहिली. मे महिना उलटल्यावर मी पाचही घरांची मेची बिलं मागितली आणि त्यांच्या शेजारी आदल्या वर्षीच्या मेची ठेवली. शेडखालच्या दोन घरांचे आदल्या वर्षी ३०४ आणि ३२२ युनिट होते, ते या वर्षी २२६ आणि २४१ झाले. उघड्या स्लॅबखालची तीन घरं आदल्या वर्षी ३०९, ३०१ आणि ३२९ वर होती, या वर्षी ३१८, २९७ आणि ३३५. म्हणजे उन्हाळा दोन्ही वर्षी साधारण सारखाच तापला, माणसं तीच, एसी तेच. फरक फक्त पत्र्याचा आणि पत्रा-स्लॅबमध्ये वारा खेळायला ठेवलेल्या चार फूट मोकळ्या जागेचा.

शेड आम्ही पावसासाठी घातली होती. ती उन्हाळ्यात महिन्याला घरामागे ८० युनिट वाचवेल हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती धग खाली सोडते, म्हणून उघड्या स्लॅबखालचे एसी पहाटेपर्यंत थांबत नाहीत. आपल्या आजोबा-पणजोबांना हे मीटरशिवाय माहीत होतं. चिऱ्याच्या जाड भिंती, वर माळा, त्यावर कौलं आणि चारी बाजूंनी पडवी. आमच्या गावातला थिबा राजवाडा १९१० च्या सुमारासचा. आजही मेच्या भर दुपारी तिथे आत पाऊल टाकलं की जिवाला बरं वाटतं. नव्या निवासी इमारतींच्या भिंती, छप्पर आणि खिडक्या कशा असाव्यात यासाठी केंद्राने २०१८ साली इको निवास संहिता आणली, ते चांगलंच झालं. पण आमच्यासारख्या उभ्या असलेल्या इमारतींचं काय करायचं? रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, सगळीकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चार-चार मजली इमारती झाल्या. त्यातली कुठली स्लॅब किती तापते हे सांगणारं साधन प्रत्येक जिन्याखाली आधीच लटकलेलं आहे. उरलेल्या अर्ध्या गच्चीच्या शेडसाठी वर्गणी काढायची सभा जूनमध्ये झाली. मी ते दहा आकडे फळ्यावर लिहिले. ज्यांनी मागच्या वेळी "आमच्याकडे गळत नाही, आम्ही का द्यायचे" असं विचारलं होतं त्यांनीच आधी पैसे भरले.

आता वेळेविषयी. मार्चमध्ये आमच्याकडे नवे टीओडी, म्हणजे कुठल्या वेळेला किती वीज वापरली ते नोंदवणारे स्मार्ट मीटर लागले. घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळू लागली आहे. कारण उघड आहे. दुपारी सोलरची वीज मुबलक असते. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की कोळशाची वीज आणि कोयनेचं पाणी लागतं. पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत उतरणारं ते पाणी जपून वापरावं असं आपल्याला वाटत असेल, तर आपला पंप दुपारी चालला पाहिजे. आम्ही टायमर लावला, ११ ते ३. रात्री पंप बंद ठेवल्याचा आणखी एक फायदा झाला. रात्रीच्या आकड्यात आता पंप मिसळत नाही, त्यामुळे काही बिघडलं तर ते लगेच उठून दिसतं.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा खांब आडवे झाले आणि तिथे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माझा भाऊ ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करायचा आणि आईला विहिरीचं पाणी शेंदून द्यायचा. त्या काळात त्या घरात एक एक युनिटाची किंमत सगळ्यांना कळली होती. हे आठवलं की उतरणारं पाणी चढवण्यात महिन्याला सव्वाशे युनिट गेले याची मला अजून हळहळ वाटते.

आता मागणी. वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम केंद्राने २०२० साली केले आणि २०२३ साली त्यात दुरुस्ती केली. स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून निदान एकदा दुरून घेतलं जावं आणि ती माहिती ग्राहकाला मिळावी, म्हणजे त्याला विचारपूर्वक वीज वापरता येईल, असं त्यात लिहिलेलं आहे. हे मीटर दर अर्ध्या तासाला किंवा त्याहूनही कमी वेळाने वापराची नोंद करू शकतात. म्हणजे मी डिसेंबरात पहाटे उठून जे वहीत लिहिलं ते मीटर आपल्या पोटात रोज लिहीत असतो. माझी महावितरणला आणि वीज नियामक आयोगाला विनंती आहे की ही अर्ध्या तासाची नोंद ग्राहकाला तक्त्याच्या रूपात, मराठीत, मागच्या निदान दोन वर्षांसकट उतरवून घेता यावी. मोबाईलवरच्या रंगीत आलेखाने भागत नाही. त्यावर बेरीज-वजाबाकी करता येत नाही आणि सभेत तो वीस जणांना दाखवताही येत नाही. सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी पदाधिकाऱ्यांना वेगळं खातं हवं, पदाधिकारी बदलले की ते पुढच्यांकडे जावं. आणि घरांचे आकडे त्या घराच्या संमतीशिवाय कोणालाही, सोसायटीलासुद्धा, मिळता कामा नयेत.

दुसरी विनंती जिल्हा परिषद, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींना. शाळा, दवाखाने, कार्यालयं, वाचनालयं यांची बिलं आपल्या करातून भरली जातात. रात्री दहा ते पहाटे साडेपाच या वेळात शाळेत कोणी नसतं. मग त्या वेळात शाळेच्या मीटरवर किती युनिट जातात हा आकडा मुख्याध्यापकांना महिन्यातून एकदा मिळावा आणि तो फळ्यावर लिहावा. आठवी-नववीच्या मुलांना लाल दिवा मोजायला दहा मिनिटांत शिकवता येतं. मी स्वतः कुठल्याही शाळेत येऊन शिकवीन.

आमच्या नोटीस बोर्डावर आता दर सोमवारी कॉमन मीटरचा रात्रीचा आकडा लागतो. फेब्रुवारीपासून तो २.४ च्या आसपास होता, जूनच्या पावसातही हलला नाही. परवा रात्री २.९ आला. काल रात्री ३.१. टायमर तपासला, पंप रात्री लागलेला नाही. पार्किंगच्या मागच्या भिंतीतून ओल आली आहे आणि तिथेच दिव्यांच्या वायरचा जोड आहे. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आहे.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची सचिव, रत्नागिरी